बाईच्या श्वासाचे माप

मुंबईतल्या कुठल्याही दवाखान्यात पन्नाशीच्या आसपासची बाई 'जिना चढताना धाप लागते' अशी तक्रार घेऊन गेली, तर पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. रक्तदाब पाहिला जातो, साखर आणि हिमोग्लोबिन तपासले जाते, वजन कमी करायला सांगितले जाते, ईसीजी काढला जातो आणि यांत काही सापडले नाही तर वय, पाळी जाण्याचा काळ किंवा घरातली काळजी यांपैकी एखाद्या कारणावर विषय मिटतो. लोहाच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली घेऊन ती घरी येते. या सगळ्यात तिच्या श्वासाचे माप मात्र कोणी घेतलेले नसते. तिच्याच वयाचा पुरुष तीच तक्रार घेऊन आला, तर 'विडी-सिगारेट ओढता का' हा प्रश्न पहिल्या मिनिटात येतो आणि त्यापाठोपाठ फुप्फुसांचा विचार होतो. बाईला हा प्रश्न विचारला जात नाही, किंवा विचारला तरी उत्तर 'नाही' असे आल्यावर फुप्फुसांचा विषय तिथेच संपतो.

दीर्घकालीन फुप्फुसविकार हा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा आजार आहे, ही समजूत आपल्या आरोग्यव्यवस्थेत इतकी मुरली आहे की तिच्यामुळे बायकांचा आजार उशिरा, अनेकदा निम्मी फुप्फुसे निकामी झाल्यावर ओळखला जातो. धूर बाईच्या आयुष्यात विडीतून येत नाही. तो चुलीतून, स्टोव्हमधून, कामाच्या जागेतून आणि घराशेजारच्या कचऱ्यातून येतो. त्यामुळे तिला विचारायचे प्रश्न वेगळे असले पाहिजेत, आणि त्या प्रश्नांनंतर श्वासाचे प्रत्यक्ष मोजमाप तिच्या वस्तीजवळच्या महापालिका दवाखान्यात झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आजार कोणता, हे आधी स्पष्ट करायला हवे. सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात श्वासनलिका सुजून अरुंद होतात, फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती झिजतात, आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि हे नुकसान भरून येत नाही. दम्यामध्ये श्वासनलिकांचे आकुंचन औषधाने बऱ्याच अंशी सुटते. सीओपीडीमध्ये ते पूर्णपणे सुटत नाही. निदानाची पद्धत साधी आहे. स्पायरोमीटर या यंत्रात रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकायचे. एकूण बाहेर पडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती पडली ते पाहायचे. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ०.७० पेक्षा कमी राहिले, तर अडथळा कायमचा आहे असे समजतात. सीओपीडीखेरीज क्षयानंतर उरणारी फुप्फुसांची खराबी, श्वासनलिका फुगून त्यांत कफ साठणारा ब्राँकिएक्टेसिस आणि फुप्फुसांचे ऊतक घट्ट होत जाणारे विकार हेही याच विषयात येतात. या सर्वांत बाईची पहिली तक्रार एकच असते, ती म्हणजे दम लागणे.

भारतातील रोगभाराच्या पाहणीनुसार २०१६ साली देशात सीओपीडीचे सुमारे ५.५ कोटी रुग्ण होते आणि त्या वर्षी या आजाराने सुमारे साडेआठ लाख माणसे दगावली. याच पाहणीत सीओपीडीमुळे होणाऱ्या हानीची कारणे मोजली गेली, तेव्हा हवेच्या प्रदूषणाचा वाटा ५३.७ टक्के, तंबाखूचा २५.४ टक्के आणि कामाच्या जागी होणाऱ्या संपर्काचा १६.५ टक्के निघाला. म्हणजे तंबाखूच्या दुपटीहून अधिक वाटा हवेचा आहे, आणि त्या हवेत घरातली हवाही धरलेली आहे. प्रौढ लोकसंख्येतील तंबाखूवापराची जी राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ मध्ये झाली, तिच्यात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १९ टक्के आणि स्त्रियांचे अवघे २ टक्के आढळले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की धूम्रपानाच्या एका प्रश्नावर निदान बेतणारी व्यवस्था किती बायकांना वगळत असेल, याचा अंदाज येतो. महाराष्ट्रात तर आणखी एक गुंता आहे. मिश्री लावणारी बाई तंबाखूच्या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'हो' म्हणते, केसपेपरवर तंबाखूची नोंद होते, तोंड तपासले जाते, आणि ती मिश्री तव्यावर भाजताना उठणारा धूर, ज्या चुलीवर तो तवा असतो तिचा धूर, यांची विचारपूस राहूनच जाते.

या गोष्टी नव्याने कळलेल्या आहेत, असे म्हणायची सोय नाही. फुप्फुसांच्या आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते निकामी होते, अशा रुग्णांचा दिल्लीतील अभ्यास डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. फारशा धूम्रपान न करणाऱ्या बायकांमध्येही हा विकार पुरुषांइतकाच दिसतो, हे त्यांच्या लक्षात आले होते आणि स्वयंपाकघरातील धुराकडे त्यांनी बोट दाखवले होते. पुढे २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात जगभरातील सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते, हे पुराव्यांसह मांडले. खुद्द मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या वेगवेगळ्या भागांतील रहिवाशांची श्वसनाची तक्रार आणि तिथल्या हवेतले प्रदूषण यांचा संबंध तपासला होता. ज्ञान होते, आपल्याच गावात होते, आणि तरीही परळच्या चाळीतल्या बाईला दवाखान्यात अजून वजन कमी करायलाच सांगितले जाते.

मुंबईत चुलीचा प्रश्न नाही, असे अनेकांना वाटते. आज शहरातल्या बहुतेक घरांत सिलिंडर किंवा पाइपचा गॅस आहे, हे खरे आहे. पण फुप्फुसाला आजचा दिवस ठाऊक नसतो. त्याच्याकडे सगळ्या वर्षांची बेरीज असते. आज साठीला आलेल्या, लग्न होऊन कोकणातून किंवा घाटावरून मुंबईत आलेल्या बाईचे इंधन पाहा. जन्मापासून ती आईजवळ चुलीपाशी बसली. आठ-दहा वर्षांची झाल्यावर भाकरी भाजायला तिलाच बसवले गेले. ओल्या लाकडांच्या पावसाळ्यात फुंकणीने जाळ करताना धूर थेट तिच्या तोंडावर आला. लग्नानंतर गिरणगावात किंवा डोंगराच्या उतारावरच्या झोपडपट्टीत दहा बाय बाराच्या खोलीत ती आली. तिथे कोळशाची किंवा भुशाची शेगडी होती, पाण्याचा बंब होता, मग रॉकेलचा वातीचा स्टोव्ह आला, रेशनच्या रांगेत मिळवलेले रॉकेल आले, आणि गॅसची जोडणी अनेकींना मुले शाळेत जाऊ लागल्यावर मिळाली. खोलीला एक दार, एक खिडकी. खिडकीला लागून शेजारच्याची भिंत. रॉकेलच्या जळण्यातून निघणारी काजळी भिंतीवर दिसायची म्हणून दर दिवाळीला भिंतीला चुना लागायचा. बाईच्या फुप्फुसांचा विचार कोणाच्या मनात आला नाही. गॅस आल्यानंतरही आंघोळीचे पाणी गल्लीत तीन विटा मांडून, मोडक्या पेटीच्या फळ्यांवर तापवणारी घरे आजही मानखुर्द-गोवंडीत आहेत, कारण सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो.

बालपणीचा धूर तर दुहेरी नुकसान करतो. फुप्फुसांची वाढ साधारण विशी-पंचविशीपर्यंत चालते आणि त्यानंतर प्रत्येकाचीच क्षमता हळूहळू उतरू लागते. वाढीच्या वयातच धूर, वारंवार होणारा न्यूमोनिया, कुपोषण यांनी घाव घातला तर ती मुलगी तिच्या पूर्ण क्षमतेपर्यंत पोहोचतच नाही. तिची उतरण खालच्या पायरीवरून सुरू होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात असे दिसले, की सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची फुप्फुसे तरुणपणीच कमी क्षमतेची होती. त्यांची उतरण काही वेगळ्या वेगाने झाली नव्हती. म्हणून साठीच्या बाईच्या आजाराची चौकशी करताना तिच्या माहेरच्या चुलीपर्यंत जावे लागते. त्यात भर शरीररचनेची. फुप्फुसांचा आकार समान धरला तरी स्त्रियांच्या श्वासनलिका सरासरीने अधिक अरुंद असतात, त्यामुळे तेवढ्याच धुराचा त्रास त्यांना जास्त होतो, असे अभ्यास सांगतात.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचवला, ही फार मोठी गोष्ट आहे. तिची किंमत कमी करण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण योजनेच्या यशामुळेच एक नवा धोका उभा राहतो. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील माणसांसाठी आशा कार्यकर्ती जो तपासणी-तक्ता भरते, त्यात सीओपीडीच्या जोखमीसाठी इंधनाचा प्रश्न आहे. लाकूड, पिकांचा पालापाचोळा, शेणाच्या गोवऱ्या, कोळसा, रॉकेल की गॅस, असे त्यात विचारलेले असते. प्रश्न योग्य आहे आणि तो तक्त्यात घातल्याबद्दल संबंधितांचे आभारच मानायला हवेत. मात्र तो स्वयंपाकाला काय वापरता, असे आजचे विचारतो. मुंबईतली बाई 'गॅस' असे उत्तर देईल आणि चाळीस वर्षांचा धूर एका खुणेसरशी पुसला जाईल. चीनच्या युनान प्रांतात घरातल्या चुलींना धुराडी बसवल्यावर सीओपीडीचे प्रमाण घटले खरे, पण ती घट ठळकपणे दिसायला सुमारे दहा वर्षे लागली. इंधन बदलल्याचा लाभ तरुण सुनांना होईल. त्यांच्या सासवांच्या फुप्फुसांत जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे आणि त्याचे निदान आज करायचे आहे.

चूल गेली तरी या शहरात बायकांच्या वाट्याला येणारा धूर आणि धूळ संपलेली नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात भट्ट्या घरांच्या मधल्या अंगणांतच असतात आणि त्यांत कापसाचा टाकाऊ माल जळतो. भट्टी भरणे, माल उतरवणे, शेजारीच रांधणे आणि मुले सांभाळणे ही सगळी कामे त्याच धुरात होतात. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत आणि पुन्हा मार्चमध्ये तिथे लागलेल्या आगींचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. त्या वेळी चर्चा शाळा बंद ठेवण्याची झाली, पूर्व उपनगरांतल्या धुरकट आकाशाची झाली; रोज त्या ढिगाऱ्यावर कचरा वेचणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची तपासणी व्हावी, हा मुद्दा मागेच पडला. माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात प्रकल्पग्रस्तांची वसाहत उभी राहिली आणि तिथली हवा राहण्याजोगी आहे की नाही हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. दिवसभर वसाहतीतच राहणारी, त्या हवेतून सुटका नसलेली व्यक्ती बहुतेक घरांत बाईच असते.

बांधकामांच्या धुळीबद्दल महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम केले. बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे असे त्यांचे स्वरूप आहे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो. पण रेती चाळणारी, सिमेंटची पाटी वाहणारी, फरशी कापणाऱ्या यंत्राशेजारी उभी असलेली मजूर बाई त्या हिरव्या कापडाच्या आत असते. सिलिकाची धूळ तिच्या नाकातोंडात जाते आणि कापडामुळे ती बाहेर न जाता आतच घुटमळते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने उभे राहिलेले कल्याणकारी मंडळ आहे. त्याची नोंदणी मिळवायला गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभी राहून रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्या बाईला तो दाखला कोण देणार?

घरकामगार बायकांविषयी तर याहून कमी बोलले जाते. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली युरोपातील ६,२३५ लोकांच्या फुप्फुसांची क्षमता सुमारे वीस वर्षे मोजली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, घरात किंवा पोटासाठी साफसफाई करणाऱ्या स्त्रियांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटल्याचे दिसले; पुरुषांत तसे आढळले नाही. कारण म्हणून साफसफाईच्या रसायनांकडे संशोधकांनी बोट दाखवले. मुंबईतली घरकामगार बाई दिवसाला चार-पाच घरांतले संडास-न्हाणीघर घासते, आणि बंद दाराच्या, खिडकी नसलेल्या त्या जागेत अ‍ॅसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर यांचा वास घेते. कधी 'लवकर निघेल' म्हणून दोन बाटल्या एकत्र ओततात. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू तयार होतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते आणि काम देणाऱ्या घरातही बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या घरात हे रोज घडते आहे. खिडकी उघडायला सांगणे, अ‍ॅसिड विकत न आणणे, एवढे करायला कोणत्याही शासननिर्णयाची गरज नाही.

रात्रीची बंद खोली हाही याच साखळीतला दुवा आहे. डासांसाठी लावलेली एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले होते. कॉइल लावणाऱ्या घरांना दोष देणे मात्र चुकीचे ठरेल, कारण डास त्यांनी पाळलेले नाहीत. उघडी गटारे आणि तुंबलेले पाणी यांची जबाबदारी त्यांची नाही.

क्षयरोगाचा मुद्दा मुंबईत टाळताच येत नाही. शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण, दाटीवाटीच्या पुनर्वसन इमारती यांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मानखुर्द-गोवंडीच्या एम-पूर्व विभागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतींच्या अभ्यासातून तर ऊन आणि वारा न येणाऱ्या खालच्या मजल्यांवरची घरे आणि क्षय यांचा संबंधच समोर आला. पण क्षयाचा उपचार पूर्ण झाला, थुंकीत जंतू नाहीत, 'बरी झाली' अशी नोंद झाली, यानंतर काय होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. जंतू मेले तरी फुप्फुसांवर व्रण राहतात, श्वासनलिका वेड्यावाकड्या होतात, हवेच्या वाटेत कायमचा अडथळा राहू शकतो. अशी बाई दोन-तीन वर्षांनी खोकला आणि दम घेऊन परत येते, एक्स-रेवर जुना डाग दिसतो, आणि थुंकीत काही नसतानाही पुन्हा क्षयाची औषधे सुरू केल्याची उदाहरणे घडतात. उपचार संपल्यावर दोन वर्षे पाठपुरावा करावा, असे राष्ट्रीय कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्या पाठपुराव्यात थुंकीसोबत स्पायरोमेट्रीही झाली, तर क्षयानंतरच्या फुप्फुसविकाराचे निदान वेळेत होईल, आणि पुन्हा विनाकारण क्षयाच्या गोळ्या गिळण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

शहरात फुप्फुसांवर कडाक्याची जाहीर चर्चा झाली ती २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, कबुतरखाने, म्हणजे कबुतरांना दाणे घालण्याच्या सार्वजनिक जागा, बंद करण्याच्या वादाच्या निमित्ताने. पक्ष्यांच्या विष्ठेतील आणि पिसांतील प्रथिनांमुळे होणारा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा आजार त्या वेळी घरोघरी ऐकू आला. तो आजार खरा आहे आणि गंभीर आहे. भारतातल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदवहीत फुप्फुसे घट्ट होण्याच्या विकारांपैकी जवळपास निम्मे रुग्ण याच प्रकारचे निघाले होते, आणि त्यांत पक्ष्यांप्रमाणेच एअर कूलरमधली बुरशी हेही कारण होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी श्रद्धा आणि आरोग्य यांवर पुष्कळ बोलले गेले. खिडकीच्या कट्ट्यावरची वाळलेली घाण रोज सकाळी झाडूने काढणारी कोण असते, हे मात्र कोणी विचारले नाही. ओले फडके वापरा, कोरडे झाडू नका, तोंडाला कापड बांधा, एवढा साधा सल्लाही तिच्यापर्यंत पोहोचला नाही.

बाईचा आजार उशिरा कळण्याचे एक कारण घराच्या आतच आहे. पुरुषाला दम लागू लागला की तो कामावर जाऊ शकत नाही आणि घरात ते लगेच जाणवते. बाई आपले काम लहान लहान तुकड्यांत वाटते. पाण्याची कळशी अर्ध्यावर टेकवते, पोळ्या बसून लाटू लागते, भाजी आणायला सुनेला पाठवते, देवळात जाणे सोडते, दादरच्या पुलावर गर्दीला वाट देण्याच्या निमित्ताने थांबते, आणि वर्षभराने कोणी विचारले तर 'मला काही त्रास नाही' असे खरेपणाने सांगते, कारण ज्यात त्रास होता ते तिने करणेच सोडलेले असते. डॉक्टरांनी 'दम लागतो का' असे विचारून हे कळत नाही. 'दोन वर्षांपूर्वी करत होता आणि आता करत नाही असे काय आहे', 'बरोबरीच्या बायकांच्या मागे पडता का', 'जिन्यात कितव्या मजल्यावर थांबता' असे विचारावे लागते.

डॉक्टरांच्या मनातला कल किती खोल असतो, याचा पुरावा अमेरिका आणि कॅनडातील १९२ डॉक्टरांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. सगळ्यांना एकाच रुग्णाची कहाणी दिली. काहींना ती पुरुषाची म्हणून, काहींना स्त्रीची म्हणून. लक्षणे तीच, धूम्रपान तेच. पुरुष असल्यास ५८ टक्के डॉक्टरांनी सीओपीडीची शंका घेतली, स्त्री असल्यास ४२ टक्क्यांनी. मात्र स्पायरोमेट्रीचे निकाल समोर ठेवल्यावर हा फरक बराच कमी झाला. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. डॉक्टरांची दृष्टी बदलायला पिढी लागेल. यंत्राला रुग्ण स्त्री आहे म्हणून शंका कमी येत नाही. तिथे धूम्रपान करणाऱ्या बाईबाबत हे घडले. कधीच न ओढलेल्या आपल्याकडच्या बाईबाबत काय घडत असेल? ज्या अमेरिकेत हा प्रयोग झाला, तिथे २००० सालापासून सीओपीडीने दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त झालेली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट स्पायरोमेट्री करू नये, त्यातून फारसा लाभ होत नाही, असे अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्य कार्यदलाचे मत आहे आणि ते मला मान्य आहे. माझी मागणी सरसकट तपासणीची नाही. चाळिशी ओलांडलेली, दम किंवा जुनाट खोकला असलेली आणि धूर, धूळ, रसायने किंवा क्षय यांपैकी काही आयुष्यात येऊन गेलेली बाई शोधावी आणि तिची तपासणी करावी, एवढीच ती आहे. आज ही तपासणी के. ई. एम., सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत होते. तिथे जायचे म्हणजे सकाळची रांग, दुसऱ्या दिवसाची तारीख आणि दोन खाडे. रोजंदारीवरची बाई पहिल्या खाड्यालाच माघार घेते. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेचे वैशिष्ट्यच हे आहे की दवाखाना वस्तीजवळ आहे आणि तो कामाच्या वेळेनंतरही उघडा असतो. स्पायरोमीटर हे हातात मावणारे यंत्र आहे. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावण्यासकट तपासणी अर्ध्या-पाऊण तासात होते. अडचण यंत्राची नाही. नीट फुंकून घेणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो तयार करण्याचा खर्च महापालिकेने उचलला पाहिजे. प्रत्येक दवाखान्यात रोज शक्य नसेल, तर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिरता तंत्रज्ञ यावा.

निदानानंतरचे काम त्याहून अवघड आहे, पण ते होऊ शकते. झालेले नुकसान परत येत नाही. तरीही नियमित इन्हेलर, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, आणि श्वसनाचे व्यायाम यांनी अचानक बळावणारे झटके कमी होतात आणि बाई आपल्या पायांवर बाजारापर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे 'पंप' म्हटले की घर घाबरते. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा टप्पा, मुलीच्या लग्नाआधी पंप दिसायला नको, असे समज ऐकू येतात, आणि त्यापायी बाई गोळ्यांवर राहते. खरे तर पंपातून एका दाबात साल्बुटामॉलचे सुमारे १०० मायक्रोग्रॅम औषध थेट श्वासनलिकेत जाते, आणि गोळीतून त्याच्या वीस ते चाळीसपट औषध सबंध शरीरातून फिरते. हाताला कंप आणि छातीत धडधड त्यामुळेच होते. हे समजावून सांगायला आणि पंप नीट ओढायला शिकवायला दहा मिनिटे लागतात. ओपीडीत ती दहा मिनिटे मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती आरोग्य स्वयंसेविकेला द्यावीत आणि त्याचा वेगळा मोबदला तिला द्यावा.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर महापालिकेच्या आणि राज्याच्या कागदपत्रांतच आहे. तपासणी-तक्त्यात इंधनाच्या प्रश्नापुढे 'आयुष्यात एकूण किती वर्षे चूल, शेगडी किंवा रॉकेल' एवढा एक रकाना वाढवावा आणि त्याखाली भट्टी, कचरा, बांधकाम, साफसफाई असा कामाचा इतिहास विचारावा. उपचार पूर्ण झालेल्या क्षयरुग्ण स्त्रियांची नावे 'निक्षय' या सरकारी नोंदप्रणालीत आहेत. रोज पहाटे रस्ते झाडणाऱ्या स्त्री सफाई कामगार महापालिकेच्या पगारपत्रकावर आहेत. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे घरकामगारांची नोंदणी आहे. या तीन याद्यांमधल्या चाळिशी ओलांडलेल्या आणि दम लागत असल्याचे सांगणाऱ्या बायकांना येत्या आर्थिक वर्षात त्यांच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात, त्यांचा खाडा होणार नाही अशा वेळी बोलावून फुंकायला लावावे, आणि विभागवार निकाल जाहीर करावेत.